लेमनासचे मामा

भाचीनं लग्नानंतर ग्रीसला फिरायला जायचं ठरवलं, तेव्हा घरातल्यांनी तिला नेहमीच्या चौकशा केल्या. थंडी किती असते, शाकाहारी जेवण मिळतं का, वगैरे. मी विचारलं, "लेम्नॉसला जाणार का?" तिनं मोबाइलवर नकाशा काढला, फोटो बघितले आणि म्हणाली, "मावशी, तिथं कुणी जात नाही गं. पांढरी घरं आणि निळे घुमट दुसऱ्या बेटावर आहेत. इथं नुसता वारा आणि मेंढ्या. तुला हे नाव कुठून कळलं?" मिरजेच्या एका दवाखान्यातल्या पुरुषांच्या वॉर्डात कळलं, हे खरं उत्तर. ते मी दिलं नाही. दिलं असतं तर सडक्या पायांचा वास सांगावा लागला असता, आणि पानात बासुंदी असताना तो विषय काढायचा नसतो एवढं मलाही कळतं.

पंधराएक वर्षांपूर्वी मी नर्सिंगचा कोर्स संपवून त्या वॉर्डात लागले. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, आणि आमच्या दवाखान्यात पायाच्या जखमांना तोटा नव्हता. साखरेच्या आजारानं काळे पडलेले पाय जत, आटपाडी, कवठे महांकाळकडून यायचे, सीमेपलीकडून कर्नाटकातूनही यायचे. येईपर्यंत गावातले सगळे पाले आणि लेप लावून झालेले असत. त्या जखमा धुवून पट्टी बांधायचं काम एका माणसाकडे होतं. दवाखान्यात वॉर्डबॉयपासून ड्रायव्हरपर्यंत सगळेच 'मामा' असतात, म्हणून यांना ड्रेसिंगमामा म्हणायचे. वय साठीच्या पुढे, उंच, वाळके, मिशा अजून पलटणीतल्या. गाव रहिमतपूरजवळ. फौजेत नर्सिंगचं काम करून पेन्शनीत आले होते. घरी पाण्याखालची जमीन, उभा ऊस, भाऊ-पुतणे सगळं असताना हा माणूस मिरजेत एका खोलीत एकटा का राहतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "हितं काम हाय."

पहिल्याच दिवशी मी एक शहाणपणा केला. वरच्या वर्गातल्या मुलींनी शिकवलं होतं की मास्कच्या आत थोडा बाम चोळायचा, मग कसलाही वास येत नाही. मी तसा चोळून ट्रे घेऊन मामांच्या मागे उभी राहिले. त्यांनी मान वळवून विचारलं, डोकं दुखतंय का. मी हो म्हणाले. त्यांनी काम थांबवलं, मला व्हरांड्यात नेलं आणि म्हणाले, "डोकं दुखत असलं तर घरी जावा. दुखत नसलं तर तोंड धुवून या." मी नळावर तोंड धुतलं. परत आले तेव्हा ते आवाज न चढवता एवढंच म्हणाले, "सिस्टर, पाय सडलाय त्याचा. डोळं शाबूत हाईत." त्या दुपारी मला जेवण गेलं नाही आणि त्यांचा रागही फार आला. आता मी मुलींना शिकवते, तेव्हा बामाची डबी सापडली की मीही त्यांना नळावर पाठवते.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर पुष्कळ आहेत. पट्टी सोडण्याआधी ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे आणि रोग्याला विचारायचे, "येऊ का?" वीस खाटांचा उघडा वॉर्ड, दार कुठलं नि उंबरा कुठला. पण समोरचा 'या' म्हणेपर्यंत ते हात लावायचे नाहीत. एक कन्नड म्हातारा चार दिवस 'नको' म्हणाला तर चार दिवस त्याची पट्टी मोठ्या डॉक्टरांना बांधावी लागली आणि मामांना बोलणी खावी लागली. पाचव्या दिवशी म्हाताऱ्यानं मान हलवली आणि मामा कामाला लागले.

दुसरी तऱ्हा म्हणजे वाकून जखमेचा वास घ्यायचा. वास घेऊन ते सांगायचे की आत कुठला जंतू आहे, कुठलं औषध लागू पडेल. तरुण डॉक्टर हसायचे. मग तपासणीचा कागद यायचा आणि बहुतेक वेळा तेच निघायचं. दोनदा साफ चुकलेलं मी बघितलंय, पण ते त्यांनी कधी कबूल केलं नाही. आणि दुपारी एक वाजता ते स्टाफरूममध्ये न जाता हात स्वच्छ धुवून, ज्याच्या जखमेचा वास सगळ्यात वाईट असेल त्याच्या खाटेशेजारी स्टूल घेऊन बसायचे आणि भाकरी-पिठलं खायचे. मेट्रनबाईंनी यावरून त्यांना किती वेळा झापलं असेल त्याची मोजदाद नाही. ते ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच बसायचे.

जेवता जेवता गोष्ट चालायची. ती एकाच बेटाची. मामांचे आजोबा पहिल्या महायुद्धात खेचरं हाकायला गेले होते. तिकडं तापानं पडले, तेव्हा त्यांना जहाजातून एका बेटावर नेऊन तंबूत ठेवलं. महिनोन् महिने ते तिथं होते. गावी परत आल्यावर ते बेटाला 'लेमनास' म्हणायचे आणि सांगायचे की तिथं झाड म्हणून नाही, वारा असा की तंबू उडून जातात, आणि डोंगरावर मेंढ्या, अगदी आपल्या माणदेशासारख्या. किती जणांना तिथंच माती मिळाली याचा पत्ता नव्हता. पुढं मामा फौजेत गेले तेव्हा त्यांनी एका डॉक्टरसाहेबांना हे नाव सांगितलं. साहेब वाचनवेडे. त्यांनी त्या बेटाच्या जुन्या गोष्टी मामांना सांगितल्या, आणि मामांनी त्या आयुष्यभर जपल्या.

लोहारांचा देव आभाळातून ढकलला गेला तो याच बेटावर पडला आणि लंगडा झाला. बेटावरची एक लाल माती जखमांवर इतकी गुणकारी मानली जायची की तिच्या वड्या पाडून, शिक्का मारून दूरदूर विकल्या जात. बायकांच्या वॉर्डात मामा वेगळी गोष्ट सांगायचे. तिथल्या बायकांच्या अंगाला कुणा देवीच्या शापानं दुर्गंधी यायला लागली, नवऱ्यांनी नाकं मुरडली आणि दुसऱ्या बायका आणल्या. मग त्या बायकांनी एका रात्रीत बेटावरचे सगळे पुरुष कापून काढले. ही गोष्ट सांगताना मामा भेटायला आलेल्या नवऱ्यांकडे बघायचे. वॉर्डात हशा व्हायचा आणि दोन-चार हातरुमाल खिशात जायचे.

पण मुख्य गोष्ट धनुर्धाऱ्याची. त्याचं नाव मामांच्या जिभेला वळायचं नाही, म्हणून ते त्याला 'आण्णा' म्हणायचे. आण्णाचं धनुष्य कधी चुकायचं नाही. लढाईला जाताना त्याच्या पायाला साप चावला, जखम चिघळली, वास सुटला. रात्रंदिवस तो ओरडायचा. बरोबरच्या गड्यांना ते सोसेना. त्यांनी त्याला या बेटावर उतरवला, तो झोपला असताना जहाज हाकारलं आणि निघून गेले. दहा वर्षं तो तिथं एकटा, पाखरं मारून जगला. इकडं लढाई काही संपेना. मग कुणीतरी सांगितलं की त्या धनुष्याशिवाय जिंकणं नाही. तेव्हा गडी परत आले.

इथं मामा भाकरीचा तुकडा मोडायचे, चावायचे आणि सांगायचे, "आण्णा उठला न्हाई. म्हणला, चालते व्हा. धनुष्य बी मिळायचं न्हाई आन् मी बी." रोग्यांना हा शेवट फार आवडायचा. त्यातल्या निम्म्यांना कुणीतरी तिथं आणून टाकलेलंच होतं.

तसेच एक आबा आमच्याकडे होते. कवठे महांकाळच्या पलीकडच्या एका वाडीतले धनगर, पंचाहत्तरीचे. उजव्या पायाची तीन बोटं काढलेली, तळव्याला खोल जखम. थोरला मुलगा त्यांना दाखल करून डबा आणतो म्हणून गेला, तो दोन महिने आला नाही. फोन लावला की बंद. आबा सगळ्यांना शिव्या द्यायचे. मला, डॉक्टरांना, छताच्या पंख्याला. मामांना मात्र 'ये गड्या' म्हणायचे, आणि रोज आण्णाची गोष्ट मागायचे.

मग एका सकाळी थोरला आला, जीप घेऊन. चार दिवसांवर वाडीतल्या बिरोबाची जत्रा होती. पालखीवर पहिला भंडारा उधळायचा मान आबांच्या घराचा, तोही घरातल्या थोरल्या हाताचा. तो हात जत्रेला नसला तर मान भावकीतल्या दुसऱ्या घराकडे जातो, आणि एकदा गेलेला मान परत येत नाही. त्याला बापाला न्यायचं होतं. हे सगळं त्यानं मला खाली मान घालून सांगितलं. दोन महिने कुठं होता विचारलं तर पुन्हा जत्रेचंच सांगू लागला. सरळ सांगायचं तर मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

मामांचा एक नियम होता आणि डॉक्टरांनीही तो मान्य केला होता. घरच्या माणसानं दोन दिवस, रोज एकदा, मामांच्या समोर स्वतःच्या हातानं पट्टी बांधायची. मगच रोग्याला सुट्टी. मुलगा कबूल झाला. पहिल्या दिवशी तो नाकाला रुमाल बांधून खाटेशी आला आणि पट्टीला हात लावला. आबांनी चांगल्या पायानं अशी लाथ मारली की ट्रे उडाला आणि सलाईन माझ्या साडीवर सांडलं. "मेलो का बघाया आलायस व्हय रं," एवढंच बोलून ते भिंतीकडे वळले. मुलगा निघून गेला. मी मामांकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर समाधान होतं. दुपारी त्यांनी आबांना न मागता गोष्ट सांगितली, आणि शेवट दोनदा सांगितला.

मला ते खटकलं. त्या संध्याकाळी मी हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर ती गोष्ट शोधून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेसिंगचं सामान लावताना मी त्यांना म्हणाले, "मामा, तो धनुर्धारी शेवटी गेला होता. त्यांच्याबरोबर परत गेला आणि वैद्यांनी त्याचा पाय बरा केला."

ते गॉजच्या घड्या घालत होते. घालत राहिले. म्हणाले, "ठाऊक हाय. सायबानं पुरती सांगितलीवती."

"मग तुम्ही आबांना असं का सांगताय? ते घरी गेलेले तुम्हाला नकोत का?"

 मामांनी मग जे सांगितलं ते तुटक होतं, ते मी जोडून सांगते. मामा फौजेत असताना त्यांच्या वडिलांच्या पायाला अशीच जखम झाली. घरात वास मावेना, तेव्हा थोरल्या भावानं वडिलांना उसातल्या छपरात नेऊन ठेवलं. मामा सुट्टीवर आले. ज्या माणसानं शेकडो परक्या जवानांच्या जखमा धुतल्या होत्या, तो जेवणाचं ताट घेऊन छपराशी गेला आणि वास आला तसा त्याचा हात आपोआप नाकाकडे गेला. वडिलांनी ते बघितलं. मामांनी ताट उंबऱ्याशी ठेवलं आणि मागे फिरले. दुसऱ्या दिवशी लाज वाटून पट्ट्या, औषधं घेऊन गेले आणि आत येऊ का म्हणून विचारलं. वडील म्हणाले, नको. तोंड फिरवून बसले. "मग रजा संपली. पलटणीत गेलो. चार म्हयन्यांनी तार आली." त्यांनी घड्या डब्यात भरल्या आणि झाकण लावलं. "माझा बाप न्हाई उठला, सिस्टर. मग मी दुसऱ्याचा उठला म्हणून कसं सांगू?"

मी ट्रे उचलून वॉर्डात गेले. माझं वय तेव्हा बावीस होतं.

त्या दिवशी आबांचा मुलगा पुन्हा आला. रुमाल नव्हता. पट्टी सोडली आणि जखमेतलं जुनं गॉज ओढलं तशी त्याला उलटी झाली. बेसिनपर्यंत पळाला. मला वाटलं, आता हा जातो. त्यानं चूळ भरली, हात धुतले आणि परत येऊन बसला.  पट्टी वाकडी बांधली. आबा भिंतीकडेच बघत होते, पण पाय त्यांनी हलवला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं नीट बांधली. आबा म्हणाले, "जरा घट्ट." दोन महिन्यांत मुलाशी बोललेले ते पहिले चांगले शब्द. संध्याकाळी जीप निघाली तेव्हा मामा बाहेर आले नाहीत. मला म्हणाले, "जत्रा झाली की टाकतील बघा परत."

तपासणीला मंगळवारी यायचं होतं. आबा आले नाहीत. पुढच्याही मंगळवारी नाहीत. रविवारी सकाळी मामा हॉस्टेलच्या फाटकाशी उभे होते, हातात पट्ट्यांची पिशवी. म्हणाले, "चला सिस्टर." कुठं ते मी विचारलं नाही. एसटीनं कवठे महांकाळ आणि तिथून वाडीपर्यंत वडापची जीप, माणसं आत आणि बाहेर. सगळ्या वाटेत मामा पिशवीतल्या पट्ट्या पुन्हा पुन्हा तपासत होते. म्हाताऱ्याला कुठल्या कोपऱ्यात टाकलेला बघायला मिळणार, याची त्यांनी मनात तयारी केलेली दिसत होती.

आबा घरासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी खाटेवर बसले होते. शेजारी कोकरं बांधलेली. खाटेच्या सुंभावर भंडाऱ्याचा पिवळा रंग अजून होता. मुलगा उकळलेल्या पाण्याचं पातेलं घेऊन बाहेर आला, आम्हाला बघून ओशाळला आणि म्हणाला की मेंढ्या व्यायला लागल्यात, एक दिवससुद्धा निघणं जमलं नाही, पण पट्टी रोज होते. जखम भरत आली होती, कडा गुलाबी. मामांनी खाली बसून बघितली.

चहा झाला. मुलगा मेंढ्यांकडे गेला. मामांनी एकाएकी आबांना सांगून टाकलं की गोष्टीचा शेवट त्यांनी खोटा सांगितला, आण्णा गेला होता. आणि का सांगितला तेही सांगितलं. छपराचं, ताटाचं, वडिलांच्या 'नको'चं. मला वाटलं होतं आबा त्यांना धीर देतील. आबा आपल्या पायाकडे बघत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "नको म्हणला. बरं. मग दुसऱ्या दिशी?"

मामांना कळलं नाही.

"आरं गड्या, मी बी लाथ मारली की लेकाला. मानासाठी आलता, मला काय कळत न्हाई? पर दुसऱ्या दिशी आला. वकला, त्वांड धुतलं आन् परत येऊन बसला. तवा मग मी पाय दिला. तू गेलतास का न्हाई दुसऱ्या दिशी?"

"रजा संपलीवती," मामा म्हणाले.

आबांनी मान हलवली. फौजेतल्या माणसाची रजा म्हणजे काय हे त्या मुलखात सगळ्यांना कळतं. त्यांनी विषय बदलला, आम्हाला जेवून जा म्हणाले. मामांना थांबवेना.

परतीच्या एसटीत मागच्या सीटवर जागा मिळाली. मामांनी पट्ट्यांची पिशवी मांडीवर धरली होती, भरलेली तशीच. बाहेर द्राक्षाच्या बागा, मग उजाड माळ, मग पुन्हा बागा. मिरजेच्या अलीकडे, रेल्वेचं फाटक पडलं म्हणून गाडी थांबली, तेव्हा ते माझ्याकडे न बघता बोलले.

"सिस्टर, रजा संपली नव्हती. अजून अकरा दिवस हुती."